बाईचा रोज, गड्याचा रोज: फरक मोजायचा कसा आणि भरून मागायचा कसा

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या कोणत्याही गावात जाऊन ‘सध्या रोज किती चालू आहे?’ असं विचारून पाहा. उत्तराऐवजी उलटा प्रश्न येतो, ‘बाईचा का गड्याचा?’ भाव दोन असतात हे सगळ्यांनीच, खुद्द मजुरी करणाऱ्या बायांनीही, धरून चाललेलं असतं.

कायद्यात मात्र भाव एकच आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३९(घ) मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन देण्याचं धोरण सांगितलं आहे. १९७६ साली समान मोबदला कायदा झाला. आता त्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. म्हणजे पन्नास वर्षं कायदाही आहे आणि दोन भावही आहेत. याचं एक मोठं कारण मला असं दिसतं, की शेतातली मजुरी तोंडी ठरते, तोंडी कापली जाते आणि हातावर टेकवली जाते. मागायला जावं तर कागदाचा चिटोराही नसतो. म्हणून या लेखात कायदा शेवटी येतो आणि वही आधी. मजुरीला जाणाऱ्या बाया, त्यांचे बचत गट आणि गावात त्यांच्यासोबत राबणाऱ्या ताई यांनी तो डोळ्यांपुढे ठेवून काम करावं, अशा बेताने लिहिला आहे.

आधी फरक कुठं दडला आहे ते शोधा

सगळ्यांना दिसणारा फरक वेळेचा. कास्तकार म्हणतो, ‘बाया अकरा वाजता येतात, त्यायले गड्याइतका रोज कसा देऊ?’ यात खोटं काही नाही. पहाटेपासून पाणी, स्वयंपाक, डबा, लेकरं, शेणगोठा उरकून बाई वावरात पोचते तेव्हा दहा-अकरा वाजलेले असतात. गडी आठला आलेला असतो. तास कमी तर पैसे कमी, हे आपणही मान्य करू. पण तास जेवढे कमी तेवढेच पैसे कमी होतात का, हे कोणी पाहत नाही. तो हिशेब पुढे करू.

दुसरा फरक कामाच्या नावात असतो, आणि तो जास्त पक्का आहे. डवरणी, वखरणी, फवारणी, पोती उचलणं ही गड्याची कामं. निंदण, खत टाकणं, कापूस वेचणं ही बाईची. पूर्वेकडे धानाच्या पट्ट्यात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे, चिखलणी गड्याची आणि दिवसभर कमरेत वाकून पाण्यात रोवणी करायची ती बाईची. एकदा काम बाईचं ठरलं की त्याचा भावही बाईचा होतो. गंमत म्हणजे उलटं होत नाही. गड्याच्या कामात बाई उतरली तरी तिला बाईचाच रोज मिळतो. फवारणीचंच घ्या. पंप पाठीवर घेणाऱ्याला जास्त रोज मिळतो तो जोखमीमुळे, आणि ती जोखीम खरी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पण त्याच फवारणीसाठी विहिरीवरून पाणी वाहून आणणारी, ड्रमात औषध कालवणारी बाई असते. तिचे हात त्याच औषधात असतात, अनेकदा हातमोज्यांशिवाय. तिच्या रोजात जोखमीचे पैसे कुठं असतात?

तिसरी जागा हुंड्याची, म्हणजे ठोक बोलीवर घेतलेल्या कामाची. सोयाबीनची सोंगणी एकरावर हुंड्याने घेतली की मजुरी जोडीची धरतात. नवरा-बायको दोघंही वाकून सोंगतात, पैसे एका हातात पडतात. वेचणी किलोवर असते म्हणून तिथं बाई-गडी भेद नाही असं वाटतं. तिथली गडबड काट्यात आणि हंगामाच्या शेवटच्या वेच्यात असते.

चौथी जागा तर मोजलीच जात नाही. गुढीपाडव्याला सालदार, म्हणजे वर्षभराचा गडी, ठरतो तेव्हा बोली त्याच्या एकट्याची होते, पण अनेक ठिकाणी गोठा झाडणं, शेण काढणं, धान्य निवडणं हे त्याच्या बायकोकडे आपोआप येतं. वर्षभराचं हे काम पायली-दोन पायली धान्यात किंवा जुन्या लुगड्यात जमा होतं.

वही ठेवा

शंभर पानी साधी वही पुरे. गटातल्या प्रत्येकीने आपापली ठेवायची गरज नाही. सोबत मजुरीला जाणाऱ्या आठ-दहा बायांची मिळून एक चालेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी संध्याकाळी गटाच्या सचिवाला किंवा दहावी-बारावीतल्या मुलीला सांगावं. मोबाइलवर आवाजात निरोप पाठवला तरी चालतो, मात्र तो आठवड्याला वहीत उतरवलाच पाहिजे.

रोजच्या नोंदीत एवढं हवं: तारीख, कोणाचं वावर, कोणतं काम, किती वाजता पोचलो, किती वाजता सुटलो, ठरलेला भाव, हातात पडलेले पैसे आणि ते कोणत्या दिवशी पडले. शेवटी एक रकाना आणखी ठेवा. त्या दिवशी त्याच वावरात गडी असेल तर त्याचं काम, त्याची वेळ आणि त्याचा रोज. हा रकाना भरायला बायांना संकोच वाटतो, कारण दुसऱ्याचे पैसे विचारणं बरं दिसत नाही. पण तोच गडी बहुतेक वेळा कोणाचा तरी नवरा, दीर किंवा शेजारी असतो. विचारलं तर सांगतो.

दूरच्या गावी ऑटोत बसून जात असाल तर ऑटो किती वाजता निघाला आणि किती वाजता परत आला हेही लिहा. वेचणीच्या दिवसांत काट्यावरचा आकडा मोबाइलमध्ये टिपून ठेवा. दर आठवड्याला सगळ्यांनी सही किंवा अंगठा करावा. निंदणाचे दोन आठवडे आणि वेचणीचे दोन आठवडे अशी नोंद झाली, तर बोलायला पुरेसा पुरावा हातात येतो.

हिशेब: तासाचा आणि किलोचा

एक नमुना घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या गावचे घालून पाहा. बाई दहा ते पाच, सात तास काम करते आणि तिला २५० रुपये मिळतात. गडी आठ ते चार, आठ तास काम करतो आणि त्याला ४०० मिळतात. जेवणाची सुटी दोघांचीही त्यातच धरली आहे. गड्याचा तास झाला ५० रुपयांचा, बाईचा साधारण ३६ रुपयांचा. तास कमी म्हणून पैसे कमी, एवढंच कारण असतं तर सात तासांचे ३५० व्हायला हवे होते. उरलेल्या १०० रुपयांना वेळेचं कारण लागू होत नाही. बोलणीला बसाल तेव्हा मागणी याच १०० रुपयांची ठेवा. ‘गड्याइतके द्या’ म्हटलं की समोरचा अकरा वाजता येण्यावर जातो. ‘तासाचा भाव सारखा करा’ म्हटलं की त्याला ती पळवाट राहत नाही.

किलोचा हिशेब वेगळा आणि जास्त अवघड. दिवाळीच्या आगेमागे पऱ्हाटी फुटून पांढरी झालेली असते, तेव्हा सरावाची बाई दिवसाला पन्नास किलोपर्यंतही वेचते. आठ रुपये किलो धरला तर ४०० रुपये. उलंगवाडीच्या, म्हणजे हंगाम संपण्याच्या, सुमारास झाडावर बोंडं तुरळक उरतात, किडकी-कवडी वेगळी काढावी लागते, आणि वीस किलो भरतानाही सांज होते. तेव्हा भाव बारा केला तरी २४० रुपयेच पडतात. हात तोच, वेळ तोच. म्हणून वेचणीचा करार हंगामाच्या सुरुवातीलाच तीन टप्प्यांत करा. पहिल्या-दुसऱ्या वेच्याला अमुक भाव, पुढे वाढीव भाव, आणि शेवटच्या वेच्याला किलोऐवजी सरळ रोज. याला कायद्याचाही आधार आहे. किलोवर किंवा नगावर काम असेल आणि त्या कामाचा वेगळा किमान दर ठरलेला नसेल, तर दिवसाच्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही, असं वेतन संहिता सांगते.

काट्याबद्दल दोन गोष्टी. मोजणी बायांच्या समोर व्हावी, आणि आकडा मोठ्याने वाचला जावा. गाठोड्याच्या फडक्याचं वजन कापायचं असेल तर ते एकदा कोरडं फडकं काट्याला लावून ठरवा. ‘दर गाठोड्यामागं किलो’ असा ढोबळ हिशेब मान्य करू नका. रोज अर्धा किलो जास्त कापला जात असेल तर हंगामाअखेर किती होतं हे वही आपोआप दाखवते. गटाने मिळून लटकवायचा डिजिटल काटा घेतला तर सगळ्यात चांगलं. भांडायचं कामच उरत नाही.

कोणती तुलना टिकते

कायदा ‘समान किंवा सारख्या स्वरूपाचं काम’ पाहतो. कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी या चार गोष्टी सारख्या असतील, परिस्थितीही सारखी असेल, आणि जो थोडा फरक असेल त्याला प्रत्यक्षात महत्त्व नसेल, तर मोबदला सारखा हवा. निंदण आणि डवरणी यांची थेट तुलना इथे सहज टिकणार नाही. डवरणीत बैलजोडी हाकायची असते, समोरचा तेवढंच धरून बसेल. म्हणून सुरुवात अशा कामापासून करा जिथं बाई आणि गडी शेजारी शेजारी तेच काम करतात. सोयाबीनची सोंगणी, तुरीची कापणी, थ्रेशरवर पेंढ्या देणं, हरभरा उपटणं, गावातलं बांधकाम, वीटभट्टी, कापसाच्या जिनिंगमधली कामं. इथं फरक उघडा पडतो.

‘हे बाईचंच काम आहे, गडी ते करतच नाही, मग तुलना कोणाशी?’ हा युक्तिवाद जुना आहे. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीतल्या महिला स्टेनोग्राफरच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयासमोर १९८७ साली तो आला होता. कंपनीने महिला स्टेनोग्राफरचा वेगळाच वर्ग असल्याचं सांगितलं. न्यायालयाने ते मानलं नाही. कंपनीने स्वतःच एका जागेवर फक्त बाया बसवल्या, तर त्याच कारणाने त्यांना कमी पगार देता येत नाही. कंपनीला परवडत नाही हे कारणही चाललं नाही. मुंबईच्या ऑफिसातला हा निकाल जिनिंगमध्ये कचरा निवडणाऱ्या बायांच्या बाजूनेही बोलतो.

आणखी एक खबरदारी कायद्याने घेतली आहे. समानता आणायची म्हणून कोणाचाही पगार खाली आणता येत नाही. ‘ठीक आहे, गड्याचाच रोज कमी करतो’ असं कोणी म्हणालं तर तेही बेकायदेशीर. गड्यांना हे आधीच सांगा. नाहीतर घरातूनच विरोध सुरू होतो.

मागणी कोणाकडे कशी न्यायची

इथं सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. कोरडवाहू तीन एकर असलेला कास्तकार, आणि त्याहून जास्त करून शेतकरी आत्महत्येनंतर एकटीने वावर सांभाळणारी बाई, स्वतः अर्धं वर्ष दुसऱ्याकडे मजुरी करतात. कापसाचा भाव पडला की त्यांच्याकडे द्यायला पैसेच नसतात. त्यांच्यावर पहिला अर्ज ठोकणं मला पटत नाही, आणि गावात ते टिकतही नाही. त्यांच्याशी सावडीचा मार्ग चांगला: आज तुझ्या निंदणाला आम्ही, परवा आमच्या निंदणाला तू. तिथंही दिवसाला दिवस मोजावा, बाईचा दिवस गड्याच्या दिवसाइतकाच धरावा, एवढी अट घाला. बरेचदा बदल इथूनच आधी होतो, कारण पैशाचा प्रश्न नसतो.

मोठा कास्तकार, संत्र्याच्या बागा ठेक्याने घेणारा व्यापारी, रस्त्याचा ठेकेदार, वीटभट्टीवाला आणि जिनिंग यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे बोलणी करा, पण कागद तयार ठेवून करा.

बोलणीची वेळ हीच मजुराची खरी ताकद असते. निंदण जुलै-ऑगस्टात तुंबतं. सोयाबीन सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात काढणीला येतं आणि पाऊस तोंडावर असला की कास्तकाराला एक दिवसही थांबता येत नाही. वेचणी दिवाळीपासून चालते. रोवणी पऱ्हे (धानाची रोपं) मोठे व्हायच्या आत उरकावी लागते. या कामांच्या दोन-तीन आठवडे आधी भाव ठरवा. वावरात पाय ठेवल्यावर अडवून धरलं तर त्या दिवशी पैसे मिळतात, पण पुढच्या वर्षी तो माणूस दुसऱ्या गावची टोळी आणतो. दुसऱ्या गावच्या टोळीचा प्रश्न आधीच सोडवावा लागतो. आजूबाजूच्या तीन-चार गावांतले गट एकाच ग्रामसंघात किंवा प्रभागसंघात असतात. उमेदच्या (बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या) बैठकीत हा विषय घ्या आणि सगळीकडे भाव सारखा ठेवा. ऑटोवाल्यालाही सांगून ठेवा. बाया कुठून कुठं जातात हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

सध्या गावोगावी ‘लाडकी बहीण आली आणि बाया कामाला मिळेनाशा झाल्या’ ही ओरड ऐकू येते. महिन्याला दीड हजारात घर चालत नाही हे ओरडणाऱ्यालाही ठाऊक असतं. मला त्यात एवढंच दिसतं, की काही बायांना पडेल त्या भावात जायची घाई उरली नाही. बाया मिळत नाहीत असं कोणी म्हणालं की वही काढा आणि तासाचा भाव विचारा.

बोलायला दोघी-तिघी जा, एकटी जाऊ नका. आणि ज्या बाईला लोक ‘मजूर सांगायला’ जातात, जिच्या शब्दावर दहा जणी येतात, ती सोबत हवीच. कधी कधी तिला दर बाईमागे थोडे पैसे मिळतात, म्हणून ती कुंपणावर बसते. तिला टाळू नका, आधी तिच्याच घरी बैठक घ्या.

महिला सभा आणि ग्रामसभा

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्याने बंधनकारक केलेलं आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या नेहमीच्या तारखांच्या आधी ग्रामसेवकाला लेखी विचारा की महिला सभा कधी आहे. पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच होते; सह्या घरोघरी फिरवून घेतल्या जातात. कोऱ्या रजिस्टरवर सही देऊ नका.

१५ ऑगस्टची सभा निंदणाच्या ऐन दिवसांत आणि २ ऑक्टोबरची सोंगणी-वेचणीच्या तोंडावर येते, त्यामुळे या दोन सभा आपल्या कामाच्या. ठराव साधा ठेवा: ‘गावाच्या शिवारात एकाच कामासाठी स्त्री व पुरुष मजुरांना तासाप्रमाणे समान मजुरी राहील. ग्रामपंचायतीच्या प्रत्येक कामाच्या ठेक्यात ही अट लिहिली जाईल.’ पहिल्या वाक्याने खासगी कास्तकारावर थेट सक्ती होत नाही, हे सभेत स्पष्ट सांगा. त्याचा उपयोग गावाचं बोलणं बदलायला होतो. दुसरं वाक्य मात्र पंचायतीच्या हातातलं आहे. नाली, रस्ता, शाळेची डागडुजी करणाऱ्या ठेकेदारावर त्याचा दाब येतो. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यानिशी घ्या.

रोजगार हमीचं काम मागा

सरकारी कामावर बाई आणि गड्याचा दर एक आहे. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमीपासून ही पद्धत आहे. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात मनरेगाचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. तो दरवर्षी एप्रिलमध्ये बदलत आला आहे. हे काम गावात चालू असलं की शेतातल्या रोजालाही खालून टेकू मिळतो. ३१२ मिळत असताना २०० वर कोण जाईल?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस १०० वरून १२५ केले आहेत, पण पेरणी आणि काढणीच्या घाईत वर्षाला ६० दिवसांपर्यंत काम बंद ठेवण्याची तरतूदही आहे. बायांची बोलणीची ताकद नेमकी याच दिवसांत असते, म्हणून ही तरतूद मला खटकते. सध्या तुमच्या गावी काम कोणत्या नियमाने चालू आहे ते ग्रामरोजगार सेवकाला विचारा. कायदा कोणताही असो, मागणी लेखी करा आणि तारखेची पोच घ्या. मनरेगात यासाठी नमुना ४ चा अर्ज भरतात.

कामावर सावली, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार पेटी हवी. पाच किंवा जास्त लहान लेकरं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमून तिलाही पूर्ण मजुरी द्यायची, असा मनरेगाचा नियम आहे. मागितल्याशिवाय हे क्वचितच मिळतं.

पैसे कोणाच्या खात्यात

रोज वाढला आणि खातं नवऱ्याचं असलं, तर वाढीतून बाईच्या हाताला काय लागलं हे कळत नाही. तेंदूच्या हंगामात हे ठळक दिसतं. सत्तर पानांचा एक पुडका, हजार पुडक्यांची प्रमाण गोणी. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडणारी आणि दुपारी घरी बसून पुडके बांधणारी बहुतेक बाई असते, पण फळीवरच्या (संकलन केंद्रावरच्या) यादीत नाव कुटुंबप्रमुखाचं. मे महिन्यात संकलन सुरू होण्याआधी ग्रामसभेत किंवा संकलन केंद्रावर बाईचं नाव आणि तिचं खातं लावून घ्या.

सरकारी मजुरी आधारला जोडलेल्या खात्यात जाते, आणि एकाहून जास्त खाती असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात. अनेक बाया पासबुक भरून आणतात आणि पैसे आले नाहीत म्हणून परततात, ते भलत्याच बँकेत पडलेले असतात. आधार सध्या कोणत्या खात्याला जोडलं आहे, हे बँक मित्राकडे किंवा बँकेत एकदा तपासा. मोबाइल नंबरही स्वतःचाच द्या.

तक्रारीपर्यंत गेलंच तर

मजुरी किती वेळात मिळायला हवी, हे वेतन संहितेत स्पष्ट आहे. रोजंदारीची त्याच दिवशी काम संपताना, आठवड्याची आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, म्हणजे आपल्याकडे सोयीने बाजाराच्या दिवसाआधी, आणि महिन्याची पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. शेतीसाठी पाचपर्यंतच मजूर ठेवणाऱ्याला नोंदवही ठेवण्याची सक्ती नाही, पण निरीक्षकाने मागितला तर मजुरी दिल्याचा वाजवी पुरावा त्याला द्यावा लागतो. त्याहून मोठ्या मालकाने नोंदवही ठेवायचीच असते. मजुरी दिली नाही किंवा कमी दिली असा दावा केला, तर पैसे पूर्ण दिले हे सिद्ध करायचं काम मालकाचं.

अर्ज सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात न्या. ते जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. तिथंच तुमच्या कामाचा चालू किमान वेतन दर लेखी मागा. शेतमजुरीलाही किमान वेतन लागू आहे, आणि त्यात बाई-गडी असा भेद नाही. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. अनेक बाया मिळून एकच अर्ज करू शकतात, त्यांच्या वतीने नोंदणीकृत संघटनाही करू शकते. थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या प्राधिकरणाला आहे. वकिलाचे पैसे लागतील म्हणून थांबू नका. मिळकत कितीही असो, बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, आणि १५१०० हा फोन विनाशुल्क आहे.

अर्ज लांबवू नका. एक नमुना:

‘आम्ही खाली सही करणाऱ्या महिला मजूर दि. ... ते दि. ... या काळात ... (मालकाचं नाव, गाव, गट क्रमांक किंवा कारखान्याचा पत्ता) यांच्याकडे ... हे काम केले. त्याच ठिकाणी तेच काम करणाऱ्या पुरुष मजुरांना रोज ... रुपये दिले गेले, आम्हाला ... रुपये दिले गेले. कामाचे तास सोबतच्या तक्त्यात दिले आहेत. वेतन संहिता, २०१९ प्रमाणे फरकाची रक्कम ... रुपये व भरपाई मिळावी. सोबत: नोंदवहीच्या पानांच्या नकला, काट्याचे फोटो, आधार व बँक पासबुकच्या नकला.’

यात शिव्याशाप नकोत, जुनी भांडणं नकोत. अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती गटाकडे ठेवा.

मजुरी मागितली म्हणून मालक किंवा मुकादम अंगचटीला आला, घाणेरडं बोलला, एकटीला बोलावलं, तर ती तक्रार वेगळी करा, मजुरीच्या अर्जात मिसळू नका. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणांसाठी, आणि खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारींसाठी, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्यात स्थानिक समिती असते. वावरही त्यात कामाचं ठिकाण आहे. घटना घडल्यापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. योग्य कारण असलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देते. बाईला लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं समितीचं काम आहे. तातडीची वेळ असेल तर १८१ या महिला मदत क्रमांकावर फोन करा.

अर्ज दिल्यानंतरचे पहिले काही आठवडे जड जातात. सही करणाऱ्या बायांना कोणी कामाला सांगत नाही, उधारी बंद होते, नवऱ्याच्या कानावर काहीबाही घातलं जातं. म्हणून अर्ज द्यायच्या आधीच गटाच्या बचतीतून सही करणाऱ्यांना किती दिवसांचं कर्ज देता येईल ते ठरवून ठराव लिहा, आणि रोजगार हमीच्या कामाची मागणी त्याच आठवड्यात टाका. ज्या घरी फक्त तिच्याच मजुरीवर चूल पेटते, तिची सही पहिल्या अर्जात घेऊ नका. तिची वहीतली पानं पुरावा म्हणून जोडता येतात.